चालत शाळेत: ‘चालत्या बस’बद्दल पालक, शिक्षक आणि शेजारी नेहमी विचारतात ते प्रश्न

शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या मुलांना गाडीवर न नेता, मोठ्यांच्या सोबतीने, गटाने चालत शाळेत पोचवायचं, हे आमचं काम. काम पुण्यातलं आहे, त्यामुळे उदाहरणंही इथलीच. पालकसभेत, फोनवर आणि शाळेच्या फाटकाबाहेर जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केलेत.

चालती बस म्हणजे नेमकं काय?

बस नाहीच. ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी चालत शाळेत जाणारा मुलांचा घोळका. पुढे एक मोठं माणूस, मागे एक. मुलं जास्त असतील तर मध्ये आणखी. एसटीसारखंच पुढच्याला चालक आणि मागच्याला वाहक म्हणतो. वाटेवर थांबे असतात: सोसायटीचं गेट, मारुतीचं देऊळ, दूध डेअरी. प्रत्येक थांब्याची वेळ ठरलेली. मूल थांब्यावर दिसलं नाही तर वाहक घरी फोन करतो आणि घोळका पुढे निघतो. पालकांना हे निष्ठुर वाटतं. पण एका घरासाठी थांबलं की पुढच्या प्रत्येक थांब्यावरची मुलं रस्त्याच्या कडेला ताटकळतात, आणि तिथे जास्त वेळ उभं राहणं हाच खरा धोका. उशीर झाला तर त्या दिवशी पालकांनी स्वतः सोडायचं.

पहिली-दुसरीची मुलं तासाला तीन-चार किलोमीटर वेगाने चालतात. म्हणजे एका किलोमीटरला १५ ते २० मिनिटं. म्हणून वाट दीड किलोमीटरच्या आत ठेवतो.

ही कल्पना परदेशातली ना?

या नावाने, हो. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड एंगविक्ट यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती मांडली. इंग्लंडमध्ये सेंट ऑल्बन्स या गावात १९९८ साली पहिली चालती बस निघाली. इटलीत तिला ‘पेडिबस’ म्हणतात. जपानमध्ये तर गटाने शाळेत जाण्याची पद्धत त्याहून जुनी आहे: एका आळीतली मुलं सकाळी एकत्र जमतात, वरच्या वर्गातला मुलगा किंवा मुलगी पुढे चालते, पहिलीतल्या मुलांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या, आणि चौकात झेंडा घेऊन कोणाची तरी आई उभी.

पण आपल्याकडे वाड्यातली, चाळीतली पोरं काय वेगळं करत होती? वरच्या मजल्यावरच्या ताईने खाली हाक मारायची आणि सगळी वरात निघायची. तेव्हा वेळापत्रक लागत नव्हतं, कारण रस्त्यावर गाड्याच मोजक्या होत्या. आता गाड्या वाढल्या, तशी ती वरात बंद पडली.

रस्ते असे असताना मुलांना पायी पाठवायचं म्हणजे जिवाशी खेळ नाही का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि तो विचारणाऱ्याचं चुकत नाही. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांतला साधारण दर पाचवा माणूस पायी चालणारा होता.

यावर पालक जे करतात ते समजण्यासारखं आहे. रस्ता धोक्याचा, म्हणून मुलाला स्कूटरवर पुढे उभं करून शाळेत सोडतात. शेजारचेही तेच करतात. मग शाळा भरायच्या आधीच्या पंधरा मिनिटांत फाटकासमोर शंभर-दीडशे दुचाक्या, त्यांत दोन-चार चारचाक्या, व्हॅन, रिक्षा. कोणी राँग साइडने येतंय, कोणी फुटपाथवर गाडी चढवतंय, कोणी दप्तर देऊन तिथेच यू-टर्न मारतंय. ज्या धोक्यापासून मुलाला वाचवायचं, तो धोका आपणच तिथे घेऊन जातो. फाटकावर अर्धा तास उभं राहून बघा. घाबरवणाऱ्या गाड्यांत ट्रक-डंपर फारसे नसतात, बहुतेक गाड्या आई-बाबांच्याच असतात.

चालती बस यावर एकटीने उपाय करू शकत नाही. पण वीस मुलं घोळक्याने आली की फाटकावरच्या पंधरा-वीस गाड्या कमी होतात, आणि उरलेल्यांना तो घोळका लांबून दिसतो. एकटं मूल उभ्या केलेल्या गाडीच्या बोनेटमागे लपतं. वीस मुलं लपत नाहीत.

माझं मूल एकटं रस्ता ओलांडू शकेल, असं कितव्या वर्षी समजायचं?

साधारण दहा वर्षांपर्यंत नाहीच. मूल हुशार असो, नियम घडाघडा म्हणून दाखवत असो, तरी नाही. गाडी किती लांब आहे आणि ती किती वेगाने येते आहे, या दोन गोष्टी एकदम तोलून निर्णय घेणं लहान मुलांना जमत नाही. ती क्षमता वयानेच येते. शिवाय उंचीचा प्रश्न. सहा-सात वर्षांच्या मुलाला उभ्या रिक्षापलीकडचं दिसत नाही, आणि रिक्षापलीकडून येणाऱ्याला ते मूल दिसत नाही. तुम्ही एकदा उकिडवे बसून तुमचा नेहमीचा चौक बघा. दिसतात फक्त चाकं आणि बंपर.

म्हणून मुलांना ‘आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे’ जरूर शिकवा. (आपल्याकडे एकेरी रस्त्यावरही दोन्ही बाजूंना बघायचं. त्याचं कारण पुणेकरांना सांगायला नको.) पण शिकवलं म्हणजे झालं, असं समजू नका. शिकवण्याचा फायदा दहा-अकराव्या वर्षी दिसतो. तोपर्यंत हात धरणारं माणूस हवं.

वाट कशी ठरवता?

चालून. नकाशावर जवळची दिसणारी वाट प्रत्यक्षात बहुतेक वेळा नापास होते.

शिक्षक, दोन-तीन पालक आणि चौथी-पाचवीतली काही मुलं घेऊन शाळेच्या वेळेलाच आम्ही ती वाट चालतो. रविवारी दुपारी चालून काही कळत नाही. हातात टेप, खडू आणि कागद. मुलांना सांगायचं, जिथे तुम्हाला फुटपाथवरून खाली उतरावं लागतं तिथे खडूने फुली मारा. एका पेठेतल्या वाटेवर अशा फुल्या बघण्यासारख्या होत्या. पहिली फुली विजेच्या डीपी बॉक्सपाशी: फुटपाथच्या बरोबर मध्यावर, दोन्ही बाजूंना वीतभर जागा. दुसरी चेंबरच्या झाकणापाशी, एका कोपऱ्याने वर आलेलं. मग चहाच्या टपरीचा बाक. मग फुटपाथच संपला, कारण तिथे एका इमारतीचं पार्किंग सुरू होत होतं, आणि त्याचा उतार थेट रस्त्यात. फुटपाथची उंची इतकी की दुसरीतल्या मुलीला दोन्ही हात टेकून वर चढावं लागलं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेनुसार चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. तिथे टेप लावून बघा, हसू येतं.

फुल्या जास्त असलेली वाट सोडून देतो आणि आतल्या गल्लीतून जातो, पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतं. पण फुल्यांचा कागद फेकत नाही. तो पुढे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात उपयोगी पडतो.

फुटपाथच नसेल तर?

समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने, एका रांगेत. मोठं माणूस रस्त्याच्या बाजूला, मूल आतल्या बाजूला.

झेब्रा क्रॉसिंगवर गाड्या थांबतात तरी का?

सहसा नाही. खरं तर सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा, असं २०१७च्या केंद्रीय वाहनचालन नियमांत स्पष्ट आहे, आणि फुटपाथवर गाडी चालवायलाही त्यात मनाई आहे. पण नियमावर विसंबून मुलांना रस्त्यात उतरवायचं नाही. आमची पद्धत अशी: घोळका कडेला पूर्ण थांबतो, चालक फलक उंच धरून एकटा दोन पावलं पुढे जातो, दोन्ही बाजूंच्या गाड्या खरोखर थांबल्या की नाही ते बघतो, आणि मग ‘चला’ म्हणतो. दुचाकी थांबलेल्या गाडीच्या डावीकडून घुसते, ते विसरायचं नाही. सगळी मुलं एकदमच ओलांडतात. घोळक्याचे दोन तुकडे कधीच करायचे नाहीत.

शाळेजवळ गाड्यांचा वेग ‘ताशी ३०’च हवा, असं तुम्ही सारखं म्हणता. एवढं काय आहे त्यात?

हिशोब करून बघा. मूल अचानक समोर आलं की ब्रेकवर पाय जाईपर्यंत चालकाचा साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी त्या सेकंदात आठ-साडेआठ मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर एकूण तेराएक मीटरमध्ये उभी राहते. ताशी ५०ची गाडी त्या पहिल्या सेकंदातच जवळपास १४ मीटर गेलेली असते. म्हणजे सावकाश जाणारी गाडी जिथे थांबली असती, तिथे वेगातल्या गाडीने अजून ब्रेकही दाबलेला नसतो. आणि धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ३० ऐवजी ५० म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. रस्ता सुरक्षेच्या २०२०च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जगभरच्या देशांनी, जिथे माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे कमाल वेग ताशी ३०च ठेवावा असं म्हटलं, ते याच कारणाने.

शाळेसमोर ‘शाळा पुढे आहे, वाहने सावकाश चालवा’ असा बोर्ड लावून वेग कमी होत नाही. रंगवलेला, नीट उंचीचा गतिरोधक किंवा फुटपाथच्या पातळीला उचललेलं क्रॉसिंग असेल तरच होतो.

सकाळी नऊच्या शाळेमुळे सोपं झालं की अवघड?

खरं सांगायचं तर अवघड. फेब्रुवारी २०२४च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरलं. मुलांची झोप पूर्ण व्हावी हा हेतू चांगलाच आहे, आणि सातच्या अंधारात मुलांना बाहेर काढावं लागत नाही, हेही बरं. पण सगळ्यात लहान मुलं आता ऑफिसच्या ऐन गर्दीत रस्त्यावर येतात. पूर्वी पावणेसातला रस्ता रिकामा असायचा. म्हणून शक्य असेल तिथे शाळांना आम्ही सुचवतो की फाटक पंधरा-वीस मिनिटं आधी उघडा आणि मैदानात खेळू द्या. पोरं आनंदाने लवकर येतात.

एवढं दप्तर घेऊन मूल चालणार कसं?

२०२०च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. वीस किलोच्या मुलाला दोन किलो. घरच्या वजनकाट्यावर एकदा ठेवून बघा. डबा, पाण्याची बाटली आणि ‘लागली तर असू दे’ म्हणून भरलेल्या वह्या मिळून काय होतं ते कळेल. बाटली अर्धी भरा, शाळेत पाणी असतं. बाकीचं वर्गशिक्षकांशी बोला.

पावसाळ्यात काय?

छत्री नको, रेनकोट हवा. छत्रीने हात अडकतो, बाजूचं दिसत नाही आणि पुढच्याच्या डोळ्यात काडी जाते. रेनकोट पिवळा किंवा केशरी असेल तर उत्तम. काळा आणि गडद निळा पावसात रस्त्याच्या रंगात मिसळून जातो. रस्त्यावर पाणी साचलं असेल तर त्यातून चालायचं नाही, खाली चेंबर उघडं असू शकतं. धो-धो पाऊस असेल त्या दिवशी बस रद्द, तसा निरोप सकाळीच ग्रुपवर जातो.

चालक आणि वाहक कोण असतात? अनोळखी माणसाच्या हाती मूल कसं द्यायचं?

देऊच नका. चालक-वाहक शक्यतो त्याच गल्लीतले असतात: कोणाची आई, निवृत्त झालेले काका, नातवाला सोडायला रोज निघणारी आजी. आजी मंडळी सगळ्यात वक्तशीर, हा आमचा अनुभव. प्रत्येकाकडून पोलिसांची चारित्र्य पडताळणी करून घेतो. कोणीही मोठं माणूस मुलांबरोबर कधीच एकटं नसतं, किमान दोघं. पहिली-दुसरीच्या चार-पाच मुलांमागे एक मोठं माणूस, हे प्रमाण आम्ही मोडत नाही. माणसं कमी पडली तर बस निघत नाही. मुलांचे फोटो कोणी स्टेटसला ठेवायचे नाहीत.

मुलांनाही सांगून ठेवतो: काही खटकलं तर आईला, बाईंना, कोणालाही सांगा. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर पाठ करून घेतो. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत सखी सावित्री समिती असते. तिच्यासमोर स्वयंसेवकांची यादी ठेवतो.

यामुळे व्हॅनकाकांच्या पोटावर पाय येतो, त्याचं काय?

येत नाही. व्हॅनने येणारी मुलं मुख्यतः लांबची असतात. आमची मुलं जवळची, आणि ती बहुतेक घरच्या गाडीवर येत होती. उलट फाटकावरची गर्दी कमी झाल्यावर सगळ्यात आधी खूश होतात ते व्हॅनकाकाच.

पालकांकडून पैसे घेता का? मग तुमचं चालतं कसं?

पालकांकडून घेत नाही, आणि घेऊ नयेत या मताचे आम्ही आहोत. चालायला पैसे पडायला लागले की ज्यांना परवडत नाही त्यांचीच मुलं गटाबाहेर राहतात, आणि नेमकी तीच मुलं एकटी चालत येत असतात.

आमचा सामाजिक उद्योग आहे, कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली. म्हणजे कमाई करता येते, पण नफा वाटून घेता येत नाही, तो कामातच घालावा लागतो. खासगी शाळा आणि मोठ्या सोसायट्या वाटेच्या पाहणीसाठी आणि स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणासाठी शुल्क देतात. त्यातून महापालिकेच्या शाळांचं काम विनाशुल्क होतं. कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा निधीही मिळू शकतो; रस्ता सुरक्षेचं प्रबोधन त्यात बसतं, असा केंद्राचा खुलासा २०१४ सालचा आहे. पण त्या निधीतून बहुतेकांना जॅकेटं आणि टोप्याच द्यायच्या असतात, कारण त्यावर कंपनीचं बोधचिन्ह छापता येतं. चौकात उभ्या राहणाऱ्या ताईंच्या मानधनावर काय छापणार? तिथे घोडं अडतं.

वाटेत अपघात झाला तर जबाबदारी कोणाची?

आधी करायचं काय ते: ११२ला फोन, जखमी मुलाबरोबर एक मोठं माणूस, बाकीच्या मुलांना कडेला बसवून दुसरं माणूस. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय अडकवू शकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ मध्ये तसं संरक्षण आहे. मे २०२५पासून रस्ते अपघातातल्या जखमींना पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचारांची केंद्राची योजना लागू आहे, तिच्याबद्दल रुग्णालयात विचारा. शाळेतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजीव गांधी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनाही आहे. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत जातो.

जबाबदारीचं म्हणाल, तर नाव नोंदवताना पालक, शाळा आणि आम्ही तिघांच्या सह्या असलेला कागद करतो. कोणत्या थांब्यापासून कोणत्या फाटकापर्यंत मूल आमच्याकडे, ते त्यात लिहिलेलं असतं.

आमची शाळा चार किलोमीटर लांब आहे.

मग चालती बस तुमच्यासाठी नाही. शिक्षणहक्क कायद्याखालच्या राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी असं आहे, म्हणजे मूल चालत येईल हे नियम करणाऱ्यांनीच धरलं होतं. गावाकडे मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. शहरात, गाडीवर सोडणारच असाल तर निदान फाटकापासून तीनशे-चारशे मीटरवर सोडा आणि तिथल्या थांब्यावरून मुलाला घोळक्यात चालू द्या. फाटक मोकळं राहतं.

नववी-दहावीची मुलं स्कूटरवर येतात. त्यांचं काय करायचं?

किल्ली काढून घ्यायची. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. क्लासला जायला उशीर होतो, हे त्यावरचं उत्तर नाही.

महापालिका ऐकते का?

‘फुटपाथ वाईट आहे’ म्हणून अर्ज दिला तर तो फायलीत जातो. फुल्यांचा नकाशा, प्रत्येक फुलीचा फोटो, टेप लावून घेतलेलं माप, मुख्याध्यापकांची सही आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडला, की कनिष्ठ अभियंता जागेवर येऊन बघतो. पुणे महापालिकेचं पादचारी धोरण २०१६पासून आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळा नसलेल्या पदपथाचा हक्क घटनेच्या २१व्या कलमात येतो असं म्हटलंय, तेही लिहा. मागणी मात्र एका वेळी एकच करा. ‘हा डीपी बॉक्स हलवा’ यावर काम होतं, ‘परिसर पादचारीस्नेही करा’ यावर बैठक होते.

आणखी एक: २०११च्या स्कूलबस नियमांनुसार शाळेत परिवहन समिती असायला हवी. तीत वाहतूक पोलीस आणि आरटीओचे प्रतिनिधीही असतात. बहुतेक शाळांत ती कागदावरच असते. ती बैठक बोलवा आणि पायी येणाऱ्या मुलांचा विषय तिच्यापुढे ठेवा. वाहतूक शाखेत खेटे घालायचे वाचतात.

आमच्या गल्लीत सुरू करायचं असेल तर?

आमच्याशिवायही करता येईल. पाच-सहा घरं, दोन भरवशाची मोठी माणसं आणि शाळेची लेखी संमती एवढं पुरतं. जूनमध्ये सुरू करू नका. पाऊस, नवे वर्ग आणि नव्या वेळा एकदम येतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू केलं तर थंडीत मुलांना चालायला मजा येते आणि जूनपर्यंत सगळ्यांना वाट पाठ होते. सुरुवातीला आठवड्यातून एकच दिवस, आणि तो शनिवार ठेवा: बरीच ऑफिसं बंद असतात, रस्ता मोकळा असतो आणि बाबा लोकांना ‘मला वेळ नाही’ म्हणता येत नाही.